सहीवांचून कोतवाली

समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करारांत अमेरिकेनें सामील व्हावें कीं न व्हावें, हा त्या देशाचा घरगुती प्रश्न आहे; त्यांत आम्हीं कां पडावें, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, ७ एप्रिल २०२१ रोजीं लक्षद्वीपच्या पश्चिमेस सुमारें १३० सागरी मैलांवर अमेरिकेची ‘जॉन पॉल जोन्स’ ही युद्धनौका भारताची अनुमति न घेतां मुद्दाम फिरून गेली, आणि अनुमतीचा भारताचा आग्रह आंतरराष्ट्रीय कायद्याशीं विसंगत आहे, असें तिच्या आरमारानें जाहीर केलें. तो आग्रह योग्य कीं अयोग्य, हा वाद निराळा. परंतु ज्या १९८२ च्या करारांत हा कायदा ग्रथित झाला, तो भारतानें १९९५ मध्यें मान्य केला आणि अमेरिकेनें अद्याप केलेला नाहीं. ज्यानें सही केली नाहीं त्यानेंच कोतवाली करावी, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

खोल समुद्रतळांतील खनिजांविषयींच्या प्रकरणास अध्यक्ष रेगन यांचा आक्षेप होता, आणि तो अगदींच पोकळ नव्हता. पण त्यासाठींच १९९४ मध्यें तें प्रकरण बदलण्यांत आलें. तंत्रज्ञान सक्तीनें देण्याची अट गेली; समुद्रतळ प्राधिकरणाच्या परिषदेंत सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेच्या राष्ट्राकरितां, म्हणजे अमेरिकेकरितांच, एक जागा राखून ठेवली गेली. सिनेटच्या परराष्ट्रसमितीनें २००४ व २००७ मध्यें अनुकूल कौलही दिला. तरी २०१२ मध्यें १०० पैकीं ३४ सभासदांनीं विरोध जाहीर केला, आणि दोनतृतीयांश मतांची आशा मावळली.

विरोधक म्हणतात, करारांतील बहुतेक नियम आतां रूढीनेंच सर्वांस लागू आहेत. मग सही कशाला? हा युक्तिवाद सोयीचा आहे, सरळ नाहीं. २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्राचा हक्क अमेरिकेनें १९८३ मध्येंच घोषित केला. मात्र त्या मर्यादेपलीकडील आपल्या समुद्रतळाच्या उत्पन्नाचा अंश जगास देण्याचें आणि लवादापुढें उभें राहण्याचें बंधन तिला नको. एप्रिल २०२५ मध्यें तर, कोणत्याही राष्ट्राच्या मालकीच्या नसलेल्या समुद्रतळांतील खनिजें आपल्याच १९८० च्या कायद्यान्वयें काढण्याचा मार्ग तिच्या अध्यक्षांनीं मोकळा केला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, ती हीच वृत्ति!

सही केल्यास सार्वभौमत्व बुडेल, ही भीतीही निराधार आहे. २०१४ मध्यें बंगालच्या उपसागरांतील सुमारें २५,६०० चौरस किलोमीटर वादग्रस्त क्षेत्रापैकीं तीनचतुर्थांशाहून अधिक लवादानें बांगलादेशास दिलें. भारतानें तो निवाडा मानला. त्यामुळें आपलें सार्वभौमत्व बुडालें नाहीं, शेजाऱ्याशीं चाळीस वर्षांचा तंटा मात्र मिटला. उलट २०१६ मध्यें फिलिपाईन्सच्या बाजूनें लागलेला निवाडा चीननें झुगारला. अमेरिका त्याबद्दल चीनला बोल लावते, आणि तो बोल रास्तही आहे. पण स्वतः त्या न्यायासनाच्या कक्षेबाहेर उभ्या राहणाऱ्याच्या शब्दाला वजन कोठून येणार?

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, अमेरिकेनें या करारावर सही करावी. तें तिला मान्य नसेल, तर इतरांच्या किनाऱ्यावर येऊन कायद्याचे पाठ देण्याचें तरी तिनें थांबवावें.