ओढा मोकळा करा. तोपर्यंत एकही ताबा नाही

पुण्याच्या पश्चिमेला आमच्या शिवारात टाउनशिप उभारणारा विकसक आणि तिचे नकाशे मंजूर करणारे नियोजन प्राधिकरण, दोघांनाही हा जाहीर इशारा आहे. तो देणारे आम्ही, इथले सदनिकाधारक आणि ओढ्याच्या खालच्या अंगाचे शेतकरी. अर्जविनंत्या झाल्या, बैठका झाल्या, चहापाणीही झाले. आता मुदत ३१ मेची. मृग लागायच्या आत काम दिसले पाहिजे.

पहिली गोष्ट ओढ्याची. मंजूर नकाशात तो पूर्ण रुंदीने वाहतो. जागेवर मात्र त्याला दोन नळांत कोंबून वर मॉलचे पार्किंग केले आहे. या प्रकल्पाखाली ४० हेक्टर जमीन आहे. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर तिच्यावर त्या एका तासात २ कोटी लिटर पाणी पडते. पूर्वी त्यातले बरेचसे भातखाचरांत थांबायचे, मुरायचे. आता काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकवरून ते थेट ओढ्याकडे धावणार, आणि ओढा तर तुम्ही बुजवलेला! २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने पुण्यात काय केले, ते विसरायला फार वर्षे लोटलेली नाहीत. वीसहून अधिक माणसे त्या पुरात गेली. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला. तुमचे नळ किती पावसाच्या हिशेबाने घातले, ती आकडेमोड अभियंत्याच्या सहीनिशी आम्हाला द्या.

दुसरी गोष्ट पिण्याच्या पाण्याची. ५,००० सदनिका, घरटी ५ माणसे, माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ३३ लाख ७५ हजार लिटर. १०,००० लिटरचे सुमारे ३३८ टँकर. मॉल आणि कार्यालये यात धरलेलीच नाहीत. एवढे टँकर रोज आणणार कुठून, आणि कोणाच्या विहिरी उपसून? माहितीपत्रकात चोवीस तास पाण्याचे वचन छापताना हा गुणाकार कोणी केला नव्हता का?

त्यातही जिवावरचा धोका चरांमध्ये आहे. पाण्याची वाहिनी मैलावाहिनीच्या वर आणि तिच्यापासून शक्यतो ३ मीटर लांब हवी, हा नियम अभियांत्रिकीचा विद्यार्थीही सांगेल. इथे दोन्ही एकाच चरात टाकल्या आहेत. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब जातो आणि गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. मग पाणी सोडले की ती पहिल्यांदा पोहोचते ती लेकरांच्या पेल्यात. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावरच आला होता. तरीही तुम्ही चर बुजवत सुटलात. ते उघडा, वाहिन्या वेगळ्या करा, आमच्यासमोर दाबचाचणी घ्या.

सांडपाणी प्रकल्पाबद्दल थोडक्यात. ब्लोअर बंद ठेवले की मैला पचवणारे जीवाणू मरतात आणि काळे पाणी ओढ्यात उतरते. प्रकल्पाचे वीजबिल आणि प्रयोगशाळेचे अहवाल दर महिन्याला फाटकावर लावा.

३१ मेपर्यंत ओढा नकाशाप्रमाणे मोकळा झाला नाही, चर उघडले नाहीत, पाण्याचा कायमचा स्रोत लेखी सांगितला नाही, तर १ जूनपासून नव्या इमारतींतला एकही खरेदीदार ताबापत्रावर सही करणार नाही. त्याच दिवशी महारेरा आणि राष्ट्रीय हरित लवादाकडे आमचे अर्ज दाखल होतील. ओढ्यावरच्या पार्किंगच्या तोंडाशी गावकरी आणि रहिवासी शांतपणे बसतील आणि ओढा वाहता झाल्याशिवाय उठणार नाहीत.

प्राधिकरणालाही बजावतो. ही कामे अपुरी असताना भोगवटा प्रमाणपत्र दिलेत, तर त्यावर सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला आम्ही उच्च न्यायालयात व्यक्तिशः प्रतिवादी करू. वकीलपत्रावर सह्या झालेल्या आहेत. पाहणीची तारीख आठ दिवसांत लेखी कळवा. चर दाखवायला आम्ही येऊ.