‘मानसिक आहे’ म्हणण्यापूर्वी

मी मुलांचा डॉक्टर. हृद्‌रोहिण्यांविषयी मी लिहावे याचे काही सभासदांना आश्चर्य वाटेल. परंतु तान्हे मूल आपली तक्रार सांगू शकत नाही. आईच्या शब्दावर विश्वास ठेवून कारण शोधण्याची सवय आम्हांला आपोआप जडते. मोठ्यांच्या छातीदुखीबाबतही ही सवय असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अँजिओग्राफी निर्दोष आली की ‘काही नाही, मानसिक आहे’ असे सांगून रुग्णाची, विशेषतः स्त्रियांची, बोळवण होते. हे वाक्य शास्त्राला धरून नाही. हृदयाचा स्नायू विश्रांतीतही रक्तातील सुमारे ७० ते ८० टक्के प्राणवायू काढून घेतो. म्हणूनच गरज वाढली की त्याचा रक्तपुरवठाच वाढावा लागतो. हा पुरवठा मुख्यतः स्नायूच्या चयापचयावर ठरतो, पण त्यात चेतातंतूंचाही हात असतो. सिंपथेटिक तंतू हृदयाचे काम वाढवून रोहिण्या अप्रत्यक्षपणे रुंदावतात. त्याच वेळी अल्फा रिसेप्टरमार्फत त्या आवळूही पाहतात. निरोगी माणसात रुंदावणे वरचढ ठरते. रोहिणीचे अस्तर बिघडले की पारडे फिरते. व्हेगसचा दूत असिटिलकोलिन निरोगी रोहिणी रुंदावतो, रोगट रोहिणी मात्र आवळतो, हे बॉस्टनच्या संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले. मनावरील तीव्र आघातानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा करणारा ‘ताकोत्सुबो’ विकार जपानी वैद्यांनी १९९० मध्ये वर्णिला. तो प्रामुख्याने रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत आढळतो. मन आणि स्नायू यांच्यामधला रस्ता चेतातंतूंचा आहे, कल्पनेचा नव्हे.

अँजिओग्राफीत मोठ्या रोहिण्यांची त्या वेळची पोकळी दिसते. सूक्ष्म रोहिण्यांचे आवळणे तीत दिसत नाही. ‘कारण दिसले नाही’ आणि ‘कारण नाही’ यांत मोठे अंतर आहे.

प्रत्येक छातीदुखी हृदयाची नसते आणि प्रत्येकाची महागडी तपासणी करणे शक्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु कळ केव्हा येते, श्रमाने की संतापाने, पहाटे की जेवणानंतर, हे विचारायला पैसे पडत नाहीत. रक्तदाब, साखर, तंबाखू यांकडे लक्ष देऊन रुग्णाला पुन्हा बोलावणेही आपल्याच हाती आहे. निर्दोष अहवालाचे समाधान जरूर द्यावे. मात्र त्याच श्वासात रुग्णाच्या वेदनेला खोटे ठरवू नये. एकदा हिणवली गेलेली गृहिणी पुढच्या कळेला दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि धोका तिथेच असतो.