गल्ल्यावरची दुसरी नजर

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान' हा एक : देताना माप कमी, घेताना जास्त. तत्त्वार्थसूत्रात तो सांगितला गेला तेव्हा तराजू व्यापाऱ्याच्या हाती होता. अमेरिकेतील मोठ्या दुकानांत आता तो ग्राहकाच्या हाती आहे. ग्राहकच बारकोड दाखवतो, फळे तोलतो, पैसे भरतो.

तेथील एक प्रसिद्ध लबाडी अशी : महागडे फळ काट्यावर ठेवायचे आणि पडद्यावर केळ्यांचा ४०११ हा क्रमांक दाबायचा. वजन खरे, भाव खोटा! काट्याला हे कळत नाही. म्हणून वर कॅमेरा. तो वस्तूचे रूप नोंदलेल्या क्रमांकाशी ताडून पाहतो. बारकोड न दाखवता वस्तू पिशवीत गेली, तर यंत्र थांबते आणि कर्मचारी येतो. अशी कॅमेरा-व्यवस्था हजाराहून अधिक दुकानांत असल्याचे वॉलमार्टने २०१९ मध्ये मान्य केले.

बँकेत व्यवहार नोंदवणारा एक, तपासणारा दुसरा. पगार वाचवण्यासाठी दुकानदाराने ही दुसरी नजर काढली. कॅमेरा तीच परत आणतो.

मात्र कॅमेऱ्याला हेतू दिसत नाही. घाईतली आई, हात थरथरणारे आजोबा आणि लबाड गिऱ्हाईक, तिघांची हालचाल त्याला सारखीच. आपल्यापैकी जे अशी यंत्रे बसवू पाहतात, त्यांनी त्या कर्मचाऱ्याची निवड स्वतः करावी. 'एक वस्तू नोंदवायची राहिली वाटते,' हे त्याचे पहिले वाक्य असावे. चौकशी नंतर. आणि चित्रीकरणाची सूचना दारातच, ठळक मराठीत लावावी.