एकाच दिवसाची निवडणूक आणि सीमावासीयांचे मत

लोकसभा व विधानसभांच्या निवडणुका एकाच वेळी घेण्यासाठी १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडले गेले. ते मांडण्यासच १९८ सदस्यांनी विरोध केला. पुढे ते संयुक्त संसदीय समितीकडे सोपविण्यात आले. खर्च वाचेल, आचारसंहितेपायी खोळंबणारी कामे मार्गी लागतील, असे पुरस्कर्ते म्हणतात. यात अगदीच तथ्य नाही असे आमचे म्हणणे नाही. परंतु मताची किंमत केवळ रुपयांत मोजावयाची काय?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मतदाराला विशेष आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मराठी मुलूख त्याच्या इच्छेविरुद्ध म्हैसूर राज्यात डांबला गेला. तेव्हापासून विधानसभेची निवडणूक हेच त्याचे सार्वमत होऊन बसले.

निवडणूक-कारभाराच्या 'सोयी'चा अनुभव आम्हांस नवा नाही. १९९६ साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात साडेचारशेहून अधिक उमेदवार उभे राहिले. तो पोरखेळ नव्हता. चाळीस वर्षे अर्जविनंत्या करून थकलेल्या जनतेने दिल्लीच्या दारावर मारलेली ती थाप होती. दार उघडले नाही. कायदा मात्र त्याच वर्षी बदलला. लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० वर, विधानसभेची २५० वरून ५,००० वर गेली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरेसा, इतरांस मात्र दहा हवेत, असेही ठरले. गाऱ्हाणे होते तेथेच राहिले, ते मांडण्याची किंमत तेवढी वाढली!

आता नव्या विधेयकाकडे पाहा. त्यातील नियत तारीख २०२९ च्या लोकसभेपासून लागू झाली आणि निवडणुका नेहमीच्या क्रमाने झाल्या, तर २०३३ साली निवडून येणारी कर्नाटक विधानसभा लोकसभेबरोबर २०३४ मध्येच संपेल. पाच वर्षांसाठी दिलेल्या मताला जेमतेम वर्षभराचे आयुष्य! मध्येच विधानसभा बरखास्त झाली, तर नवी विधानसभा उरलेल्या मुदतीपुरतीच. शिवाय दिल्लीचे तख्त कोणाचे, या एकाच गर्जनेत गावच्या शाळेची, सातबाऱ्याच्या भाषेची, सीमाप्रश्नाची हाक कोणाच्या कानी पडणार?

कोणी म्हणेल, १९५७ साली दोन्ही निवडणुका एकत्रच झाल्या, तरी संयुक्त महाराष्ट्र समितीने सत्ताधाऱ्यांना हादरविले आणि सीमाभागानेही म्हैसूर विधानसभेत समितीचे उमेदवार पाठविले. खरे आहे. पण तेव्हा सारा मराठी मुलूख एका निशाणाखाली उभा होता. आज समितीच्या उमेदवारासमोर राष्ट्रीय पक्षांची थैली आहे, आणि घरातली दुही त्याहून घातक आहे. २०१३ साली समितीचे दोन आमदार निवडून आले. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. हा दोष वेळापत्रकाचा नव्हे.

म्हणून आमचे सांगणे दुहेरी आहे. राज्याच्या मतदाराचे मत दिल्लीच्या घड्याळाला बांधणाऱ्या या विधेयकास महाराष्ट्राच्या खासदारांनी पक्षाची शिस्त बाजूस ठेवून विरोध करावा. घटनादुरुस्तीस दोनतृतीयांश मते लागतात. त्यामुळे त्यांच्या मताला वजन आहे. आणि सीमावासीयांनी निवडणूक केव्हाही येवो, एका मतदारसंघात एकच उमेदवार, हा निर्धार आजच करावा. कायदा मताची वाट अरुंद करू शकेल. एकजुटीने चालणाऱ्यांची पावले तो रोखू शकणार नाही.