कसं शिकावं, हेही शिकवावं



दिवाळीच्या आसपास बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीच्या वसतिगृहांत पहिल्या वर्षाच्या मुलामुलींच्या हाती पहिल्या चाचण्यांचे गुण येऊ लागतात. सोलापूर, लातूर, बेळगावहून आलेली ही मुलं बारावीपर्यंत वर्गात पुढे होती. आता कुणाला वीसपैकी सात पडतात आणि घरी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ असं सांगितलं जातं. यंदाचं संपादकीय या मुलांविषयी आहे.

टिपू सुलतानाचं जन्मगाव, जुना किल्ला आणि रसाळ पपनस ही देवनहळ्ळीची जुनी ओळख. 2008 साली इथे विमानतळ सुरू झाला. आज या परिसरात अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, खासगी विद्यापीठं आहेत. प्रवेश मिळेपर्यंत सगळं घर मुलाच्या पाठीशी असतं. प्रवेशानंतरचे पहिले चार महिने मात्र तो एकटा असतो.

अडचण बुद्धीची नसते. अकरावी-बारावीची दोन वर्षं त्याचं वेळापत्रक क्लासने आखलेलं होतं. कधी वाचायचं, काय सोडवायचं, कुठली चाचणी कधी, हे दुसऱ्यांनी ठरवलं. कॉलेजात ती चौकट एका दिवसात नाहीशी होते. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना लागू असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या नियमांनुसार 85 टक्के हजेरी लागते, आणि सत्रभराच्या अंतर्गत मूल्यमापनात किमान गुण नसतील तर अंतिम परीक्षेला बसताच येत नाही. हे नियम पुस्तिकेत छापलेले असतात. पण आठवडा कसा आखावा, व्याख्यान ऐकताना टिपणं कशी काढावीत, न समजलेलं प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन कसं विचारावं, हे कुठे छापलेलं नसतं. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलं आहे, त्याला ते जेवताखाता कळतं. घरातला पहिलाच पदवीधर होऊ पाहणाऱ्याला ते कुणी सांगायचं?

हे काम विद्यापीठही करू शकतं. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठाने 1970च्या विद्यार्थी असंतोषातून धडा घेतला आणि 1972 साली ‘युनिव्हर्सिटी 101’ हा नवागतांसाठीचा अभ्यासक्रम सुरू केला. तो सत्रभर चालतो आणि त्याला श्रेयांक असतात. आपल्याकडे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2017च्या सुमारास तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर कार्यक्रम आणला. सुमारे वीस विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक प्राध्यापक, मानवी मूल्यं, कला, व्यायाम, परिसरभेटी, असं त्याचं रूप. 2019 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘दीक्षारंभ’ हा असाच कार्यक्रम सर्व उच्च शिक्षणसंस्थांपुढे ठेवला. कल्पना उत्तम आहे. पण मदतीची खरी गरज पहिले गुण हाती पडल्यावर लागते, आणि तोवर तीन आठवडे कधीच सरलेले असतात. म्हणून कसं शिकावं हे शिकवणारा तास सत्रभर, दर आठवड्याला हवा, आणि त्याच वीस जणांचा तोच मार्गदर्शक शेवटपर्यंत हवा.

विश्वेश्वरय्या विद्यापीठाने एक गोष्ट चांगली केली आहे. कन्नड न येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना रोजच्या वापरातलं कन्नड, ‘बळके कन्नड’, शिकवलं जातं. मराठी मुलांनी हा विषय निव्वळ पास होण्यापुरता घेऊ नये. मेसमध्ये, बसमध्ये, कार्यालयाच्या खिडकीपाशी चार वाक्यं बोलता आली की परकेपणा ओसरतो, आणि परकेपणा ओसरला की अभ्यासालाही मन लागतं.

ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ उभं आहे, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या देवनहळ्ळीहून फार दूर नसलेल्या मुद्देनहळ्ळीचे. शिकवण्या करून बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकी शिकले. 1883 साली ते परीक्षेत पहिले आले. पुढे मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिक, धुळे, पुणे त्यांनी पालथं घातलं. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. या मातीतला एक विद्यार्थी पुण्यात घडला, तो शिष्यवृत्तीच्या आधारावर. आज आपली मुलं त्याच्या परिसरात शिकायला येतात. त्यांना आधार देण्याची पाळी आता आपली आहे.

पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती 1955पासून खेड्यांतल्या मुलांना निवास देते आणि त्यांच्या घडणीकडेही लक्ष पुरवते. बेंगळुरूत आपल्याला एवढं मोठं काम लगेच जमेल असं नाही. पण उत्तर बेंगळुरूतल्या प्रत्येक मराठी घराने एका नव्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात महिन्यातून एकदा जेवायला बोलवावं. गुण विचारू नयेत. आठवडा कसा गेला, कुठे अडलं, हे विचारावं. आपल्यातल्या निवृत्त प्राध्यापकांनी आणि अभियंत्यांनी महाविद्यालयांकडे जाऊन मार्गदर्शक म्हणून आपला वेळ द्यावा. पहिल्या सत्रात नापास होणं हा शेवट नव्हे, हे मोठ्यांनी मोकळेपणाने सांगितलं तर मुलं फोनवर खरं बोलू लागतील.

याच विचाराने या अंकातले काही लेख विद्यार्थ्यांनी लिहिले आहेत. ते आवर्जून वाचा.  आपणा सर्वांना, आणि घरापासून दूर पहिली दिवाळी साजरी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला, दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!

— संपादक