शिष्यवृत्ती आणि व्हिसाची मुदत

1917 साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपताच पूज्य बाबासाहेबांना लंडन सोडावे लागले. परंतु चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली होती. म्हणूनच 1923 साली ते डी. एस्‌सी. झाले.

आज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयामार्फत राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती घेऊन आपली मुले परदेशी जातात (सरकारी कागदांत आपण अजून ‘नवबौद्ध’च!). घरची माणसे रक्कम विचारतात, मुदत विचारीत नाहीत. शिष्यवृत्ती आपले सरकार देते, व्हिसा परकीय. दोहोंच्या मुदती जुळतीलच असे नाही. ब्रिटनचा दहा वर्षांचा भेटीचा व्हिसा पुष्कळांना चकवितो: फेऱ्या अनेक, पण एका खेपेस सामान्यतः सहाच महिने! विद्यार्थी-व्हिसा निराळा. बांधवांनो, त्याची अखेरची तारीख व मुदतवाढीच्या अटी निघण्यापूर्वीच लेखी पाहून घ्या.