चूक अंपायरची, शिक्षा कुणाला?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. यंदाच्या क्रीडा सप्ताहात मुलींच्या क्रिकेटच्या सेमी-फायनलला तो रन-आउट मीच दिला होता. हो, तोच! ज्याचा व्हिडिओ तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या मोबाईलवर अजून असेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेकॅनिकलला मुळात मुलीच मोजक्या. आमची टीम पहिल्याच राउंडला घरी गेली आणि मी अंपायरिंगला मोकळी झाले. मॅच सिव्हिल विरुद्ध कॉम्प्युटर. सिव्हिलला शेवटच्या तीन बॉलमध्ये चार रन हवे होते. सिव्हिलची बॅट्समन दुसऱ्या रनसाठी धावली, थ्रो माझ्या टोकाला आला, बोलरने स्टंप उडवले, दहा-अकरा जणी एकदम ओरडल्या आणि माझं बोट वर गेलं. त्या क्षणी बोलर माझ्या आणि क्रीजच्या मध्ये उभी होती. म्हणजे खरं सांगायचं तर मी काही पाहिलंच नव्हतं, मला नुसतं वाटलं होतं. व्हिडिओत बॅट चांगली वीतभर आत होती. सिव्हिल दोन रनांनी हरली.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर ‘अंपायर हटाव’ सुरू झालं आणि रात्री निरोप आला की फायनलला मी उभी राहायचं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. वाईट वाटलं ते होतंच, पण त्याहून जास्त एक प्रश्न डोक्यात घोळत राहिला. अंपायरची चूक महागात पडली, तर त्याला काढून टाकणं हाच उपाय आहे का? त्यावरच हा लेख. (शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे मराठीतल्या चुकांना ‘बेनिफिट ऑफ डाउट’ द्यावा ही विनंती!)

आमच्या घरी अंपायर हा शब्द काढला की बाबा थेट सिडनीला पोचतात. जानेवारी २००८ ची सिडनी टेस्ट. मी तेव्हा अगदीच लहान होते, त्यामुळे ही मॅच मी आधी बाबांच्या तोंडून पाहिली आणि मग यूट्यूबवर. ईशांत शर्माच्या बॉलवर अँड्र्यू सायमंड्सच्या बॅटची कड लागली, धोनीने कॅच घेतला, आवाज सगळ्या मैदानाने ऐकला, फक्त स्टीव्ह बकनर यांनी ऐकला नाही. सायमंड्स तेव्हा ३० वर होता. तो १६२ वर नाबाद राहिला. दुसऱ्या डावात द्रविडची बॅट बॉलच्या जवळपासही नव्हती, तरी बकनर यांनी त्याला कॅच आउट दिलं. शेवटच्या दिवशी खेळ संपायला काही मिनिटं राहिलेली असताना आपण १२२ रननी हरलो. बाबा अजूनही हिशोब मांडतात, “१६२ वजा ३० किती? १३२! आणि हरलो कितीने?”

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या बोर्डाने तक्रार केली आणि वातावरण निवळावं म्हणून आयसीसीने बकनर यांना पर्थ टेस्टमधून काढून बिली बाउडन यांना आणलं. पर्थला आपण जिंकलो. बाबांच्या मते न्याय झाला.

मला मात्र या हिशोबात एक गडबड दिसते. समजा सायमंड्स पुढच्याच बॉलला ३० वरच बोल्ड झाला असता, तर बकनर यांची चूक आज कुणाला आठवली असती का? चूक तीच असती. तोच बॉल, तीच कड, तोच अंपायर. बदलली असती ती फक्त किंमत, आणि ती पुढे सायमंड्स किती खेळला यावर ठरली. त्याच डावात पॉन्टिंगला बॅटची कड लागूनही एलबीडब्ल्यू दिलं गेलं होतं. तो निर्णय आपल्या बाजूने गेला, म्हणून बाबांच्या हिशोबात तो येतच नाही!

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर एरर आणि एररमुळे झालेलं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्कशॉपमध्ये दोघांनी लेथची चावी चकमध्येच विसरून मशीन चालू केलं. एकाची चावी भिंतीला लागली, दुसऱ्याची मित्राच्या कपाळाला. दोघांचा निष्काळजीपणा सारखाच. पण ओरडा कुणाला जास्त बसेल? नोकरी जाणार असेल तर ती चुकीच्या स्वरूपावरून जावी, स्कोअरबोर्डवरून नाही, असं माझं मत आहे.

यावर माझी रूममेट म्हणते, “प्लेअर खराब खेळला की त्याला ड्रॉप करतात ना? मग अंपायर काय देवाचा अवतार आहे का?” मुद्दा बरोबर आहे. पण प्लेअरला एका सुटलेल्या कॅचवरून ड्रॉप करत नाहीत, त्याचा पाच-दहा मॅचचा फॉर्म बघतात. अंपायरलाही तेच माप लावा. बकनर १९९२ ते २००७ सलग पाच वर्ल्ड कप फायनलला उभे होते आणि २००९ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर १२८ टेस्ट होत्या, तोपर्यंतच्या सगळ्या अंपायर्समध्ये सर्वांत जास्त. वय वाढलं, कान-डोळे मंदावले, म्हणून त्यांना आधीच निवृत्त करायला हवं होतं असं कुणी म्हटलं तर ती चर्चा होऊ शकते. पण ती रेकॉर्ड समोर ठेवून, शांतपणे व्हायला हवी. मोठ्या बोर्डाने डोळे वटारले म्हणून दोन टेस्टच्या मधे नको. हेच निर्णय एखाद्या छोट्या, गरीब बोर्डाच्या विरुद्ध गेले असते तर अंपायर बदलला असता का? मला शंका आहे.

आता दुसरी केस. २८ मार्च २०१९, बंगलोर, आरसीबी विरुद्ध मुंबई इंडियन्स. शेवटच्या बॉलवर आरसीबीला ७ रन हवे होते. मलिंगाने बॉल टाकला, रन निघाला नाही, मॅच संपली. आणि मग मोठ्या स्क्रीनवर दिसलं की मलिंगाचा पाय रेषेच्या बाहेर होता. नो-बॉल! अंपायर एस. रवी यांना तो दिसला नाही. कोहली भडकला आणि जिंकलेला रोहित शर्माही म्हणाला की अशा चुका खेळासाठी चांगल्या नाहीत. त्याच मॅचमध्ये बुमराचा एक बॉल चुकीचा वाईड दिला गेला होता, तेही त्याने बोलून दाखवलं. त्याच वर्षी रवी आयसीसीच्या एलिट पॅनलवरून गेले. त्या एका नो-बॉलमुळेच गेले असं मी म्हणणार नाही. पण समजा त्याच रात्री त्यांना हाकललं असतं, तर पुढच्या मॅचला उभ्या राहिलेल्या अंपायरला नो-बॉल दिसला असता? एकच माणूस पायाकडे बघतो आणि क्षणभरात त्याच डोळ्यांनी समोरची बॅट, पॅड, स्टंप बघतो. माणूस बदलून हा प्रॉब्लेम सुटत नाही.

तो सुटला वेगळ्या पद्धतीने. डिसेंबर २०१९ मध्ये भारत-वेस्ट इंडीज सिरीजमध्ये नो-बॉल बघायचं काम थर्ड अंपायरकडे देऊन पाहिलं. ट्रायलच्या १२ मॅचमध्ये ४७१७ बॉल पडले, त्यात १३ नो-बॉल सापडले. २०२० च्या महिला टी-२० वर्ल्ड कपलाही हीच पद्धत होती. प्रॉडक्शनच्या पेपरसाठी आपण ‘पोका-योके’ पाठ करतो ना? शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने मांडलेली कल्पना. कामगाराला रागावत बसण्यापेक्षा काम असं लावा की चूक होणारच नाही, झाली तर लगेच पकडली जाईल. शिंगोने आधी त्याला ‘बाका-योके’ म्हटलं होतं, म्हणजे मूर्खापासून बचाव. कामगारांना ते लागलं, म्हणून त्याने नाव बदलून ‘चुकीपासून बचाव’ असं केलं. मला यातली नाव बदलण्याची गोष्ट फार आवडते.

मग अंपायरला काहीच करायचं नाही, असं मी म्हणत नाही. पैसे खाऊन निर्णय दिला तर त्याच दिवशी हकालपट्टी आणि वर पोलीस केस. नियमाचा अभ्यास नाही, फिटनेस नाही, वर्षभर ग्रेड खालचा, तर खालच्या लेव्हलला पाठवा. पण प्रामाणिक चूक झाली तर त्याला ‘चुकलो’ म्हणायची जागा ठेवा. २०१९ च्या लॉर्ड्सवरच्या फायनलला स्टोक्सच्या बॅटला लागून बॉल बाउंड्रीला गेला आणि इंग्लंडला ६ रन मिळाले. नियमाप्रमाणे ५ मिळायला हवे होते. त्या वेळी मैदानावर कुणी हरकतही घेतली नाही. कुमार धर्मसेना यांनी नंतर टीव्हीवर पाहून चूक मान्य केली. पुढेही ते अंपायर राहिले. बकनर यांनीही २०२० मध्ये सिडनीतल्या आपल्या दोन चुका कबूल केल्या, पण बारा वर्षांनी. नोकरीची टांगती तलवार असेल तर चूक कोण कबूल करेल?

याचं उत्तर मी आपल्या ग्राउंडवर पाहिलं. मला काढल्यावर फायनलला उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी सेकंड इयरच्या एका मुलाला जबरदस्तीने उभं केलं. त्याने पूर्ण मॅचमध्ये एकही एलबीडब्ल्यू दिला नाही, आणि रन-आउटच्या वेळी दोन्ही कॅप्टनना विचारत होता, “काय करू?” त्या बिचाऱ्याला हसू नका. त्याने माझं काय झालं ते पाहिलं होतं.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये त्या सिव्हिलच्या मुलीला गाठलं आणि म्हटलं, “सॉरी, तू आत होतीस. मी पाहिलंच नव्हतं.” ती पोहे खाता खाता म्हणाली, “मला माहितीये. पण आदल्या ओव्हरला मी सरळ फुलटॉस सोडला, ते मला कुणीच विचारलं नाही गं.”

पुढच्या वर्षीसाठी माझ्या तीन सूचना आहेत. दोन्ही टोकांना क्रीजच्या रेषेत एक-एक मोबाईल स्टँडवर लावा. रन-आउटच्या वेळी अंपायरने बाजूला पळून क्रीजच्या रेषेत यायचं असतं, हे निदान एक संध्याकाळ आम्हाला शिकवा. मला ते मॅच संपल्यावर कळलं! आणि अंपायर बदलायचाच असेल तर सगळ्या मॅचचे निर्णय बघून, स्पर्धा संपल्यावर बदला.

अंपायर्सच्या यादीत पहिलं नाव माझं लिहा. या वेळी मी बाजूला पळेन.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल